तीन दिवसांचं औषध

"मान मागे टाक. अजून. हं, आता हलू नकोस."

वहिनीने नणंदेची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली आणि दोन्ही नाकपुड्यांत थेंब सोडले. नाकाचा शेंडा पुसून पुसून लाल झालेला, तोंड उघडं, डोळे गच्च मिटलेले, अशी नणंद खुर्चीत बसून राहिली. थोड्या वेळाने तिने तोंड मिटलं, नाकाने लांब श्वास घेतला आणि तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"अगं वहिनी, उघडलं! जादू आहे ही. कालची अख्खी रात्र बसून काढली मी."

"बाटली असू दे तुझ्याकडेच."

"दिवसातून किती वेळा टाकायचं?"

वहिनी टोपण फिरवत होती. ते कधीच घट्ट बसलं होतं, तरी फिरवत होती.

"बंद झालं की टाक," ती म्हणाली.

दोघीही एकाच स्टुडिओत पुस्तकं वाचायच्या. लोकांनी ऐकावीत म्हणून बंद खोलीत माइकसमोर बसून कादंबऱ्याच्या कादंबऱ्या वाचायचं काम. वहिनी त्यात जुनी. पण दरवर्षी रस्त्यावरची झाडं मोहरली आणि खिडक्यांच्या कठड्यांवर पिवळी धूळ साचायला लागली की तिचं नाक चोंदायचं आणि नाकामागून घशात काहीतरी सतत ओघळत राहायचं. दोन वाक्यं झाली की खाकरावं लागायचं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुवायचं, वाफ घ्यायची, उशाला दोन उशा, बाहेरून आलं की आधी आंघोळ, असं सगळं करून ती तो मोसम कसाबसा काढायची.

नणंदेची नोकरी गेली, तेव्हा तिला स्टुडिओत नेलं ते वहिनीनेच. "आवाज गोड आहे तुझा, चल," म्हणाली होती.

आणि गेल्या मोसमात, चहाच्या सुट्टीत, नणंद माइकसमोर बसली आणि वहिनीच्या आवाजात एक प्रेमप्रसंग वाचू लागली. "त्याने तिचा हात हातात घेतला... ख्ख्ख... आणि ती लाजून म्हणाली... ख्ख्ख..." रेकॉर्डिंगवाला पोट धरून हसला. स्टुडिओच्या मॅडम चष्मा काढून डोळे पुसत राहिल्या. कप हातात धरून दारात उभी असलेली वहिनीही हसली. न हसून सांगते कोणाला?

पुढच्याच आठवड्यात, पुढल्या वर्षी वाचायची म्हणून वहिनीला कबूल केलेली तीन पिढ्यांची मोठी कादंबरी नणंदेकडे गेली. "तुम्ही जरा घसा सांभाळा," मॅडम म्हणाल्या. नणंद आनंदाने फुललेलं तोंड घेऊन सांगायला आली, "वहिनी, तुझ्यामुळे!" आपण काही केलंय हे तिच्या गावीही नव्हतं. वहिनीने डूख धरला तो त्या क्षणी. नकलेसाठी तिने कदाचित माफही केलं असतं.

यंदा नणंदेने झाडांसमोरचं घर घेतलं आणि ऐन कादंबरीच्या मध्यावर तिचंही नाक चोंदलं. सुंठीवाचून खोकला जाणार, असं वहिनीला आधी वाटलं. मग वाटलं, थोडी सुंठ आपणही द्यावी. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, हे थेंब तीन दिवस, वर एकही दिवस नाही. पुढे नाक थेंबांशिवाय उघडत नाही आणि पहिल्यापेक्षा घट्ट बंद होतं. बाटली देताना ते वाक्य तिला शब्दन् शब्द आठवत होतं.

नणंदेच्या नाकी नऊ आले. बाटली संपली, दुसरी आली. पर्स उघडायला सवड मिळेना म्हणून ती बाटली मुठीतच घेऊन फिरू लागली. 'माझी आई'ची 'बाझी आई' झाली आणि रेकॉर्डिंगवाल्याने डोक्याला हात लावला. वहिनी रोज फोन करून मायेने विचारायची, "नाक कसं आहे गं?" आणि उत्तर ऐकून रात्री शांत झोपायची.

शेवटी मॅडमचा फोन आला. उरलेली प्रकरणं वहिनीने वाचली. तीनच दिवस थेंब टाकून तिने ती कधी नव्हे इतकी सुरेख वाचली.

शेवटचं प्रकरण संपलं त्या संध्याकाळी नणंद घरी आली. दादा अजून ऑफिसातून यायचा होता. वहिनी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुझ्याच डॉक्टरांकडे गेले होते," नणंद म्हणाली.

"काय म्हणाले?"

"तीन दिवसांचं औषध आहे म्हणाले. तुमच्या वहिनींना मी दोनदा बजावलंय, त्या बोलल्या नाहीत?"

टॉवेलची टोकं जुळेनात. वहिनीने तो झटकला आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला घेतला.

"मग?"

"म्हटलं, बोलली होती. मीच विसरले."

वर्षभर धार लावून ठेवलेली उत्तरं वहिनीच्या ओठांवर आली. तिने भांडावं, ओरडावं, म्हणजे एकेक बाहेर काढता येईल. पण नणंद नुसती उभी होती, तोंडाने श्वास घेत.

"दादाला सांगितलंस?"

"नाही. तुझं सांगायचं तर आधी माझं सांगावं लागेल. त्या दिवशी तू दारात होतीस, ते मला डॉक्टरांकडून येताना आठवलं. कप होता ना हातात?"

वहिनीने मान डोलावली.

"आता खरं काय करायचं ते सांग."

वहिनी उठली. उकळून गार केलेलं पाणी तिने तोटीच्या भांड्यात ओतलं, मीठ घातलं, ढवळलं. बेसिनपाशी जाऊन भांडं नणंदेपुढे धरलं.

"वाक. मान तिरकी कर. वरच्या नाकपुडीतून ओतलं की खालच्या नाकपुडीतून येतं. श्वास तोंडाने घ्यायचा."

नणंदेने भांड्यात पाहिलं. मग वहिनीकडे.

"आधी तू."

वहिनी वाकली. तिने मान तिरकी केली आणि ओतलं. पाणी दुसऱ्या बाजूने सरळ धारेने बेसिनमध्ये पडत राहिलं. नणंद ती धार संपेपर्यंत पाहत होती.

मग तिने वहिनीच्या हातातून भांडं घेतलं, धुतलं, विसळलं आणि पातेल्यातलं पाणी त्यात स्वतः ओतून घेतलं. मिठाची बरणी उघडून चिमूटभर मीठ आधी जिभेवर ठेवून पाहिलं आणि मग दुसरी चिमूट पाण्यात टाकली. वहिनी टॉवेल हातात धरून बाजूला सरकली.