हॅलिफॅक्सचा रकाना

तक्ता फ्रिजवर लावायची कल्पना नवऱ्याची. चार तारखेच्या रविवारी, जेवणं झाल्यावर, त्यानं एका मोठ्या कोऱ्या कागदावर पट्टीनं दोन रकाने आखले. एकावर हॅलिफॅक्स लिहिलं, दुसऱ्यावर कॅलगरी. डाव्या बाजूला मुद्दे: नोकरी, घरभाडं, शाळा, थंडी, ओळखीची माणसं. कॅनडाला जायचं हे ठरलं होतं. तो विमा कंपनीत दावे तपासायचा आणि त्याचा विभाग वर्षअखेर बंद होणार होता. कुठल्या शहरात जायचं, एवढंच घरच्यांनी मिळून ठरवायचं होतं. घरचे म्हणजे तो, त्याची बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि त्याची आई. आई काही जाणार नव्हती, पण मत द्यायला तिची हरकत नव्हती.

"थंडीपुढे काय लिहू?" मुलीनं विचारलं. पेन तिच्या ताब्यात होतं.

"दोन्हीकडे मरणाची, असं लिही," आजी म्हणाली.

"आजी, मार्क द्यायचेत. दहापैकी."

"मग दोघांनाही भोपळा दे."

बायकोचा मुद्दा एकच होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. ती जहाजांचे कंपास दुरुस्त करायची आणि जहाजावर जाऊन ते जुळवून द्यायची. जहाज लोखंडाचं असतं, ते लोखंड कंपासच्या सुईला ओढतं, आणि सुई खरी उत्तर दिशा दाखवत नाही. म्हणून जहाज बंदराबाहेर नेऊन सावकाश आठही दिशांना फिरवायचं, प्रत्येक दिशेला सूर्यावरून चूक मोजायची, कंपासच्या खांबात चुंबकाच्या कांड्या सरकवून ती कमी करायची. उरलेली चूक एका कार्डावर लिहायची आणि खाली सही करायची. बारा वर्षं ती हे करत होती. हॅलिफॅक्स हे बंदर आहे. कॅलगरीपासून समुद्र जवळजवळ हजार किलोमीटर लांब आहे.

कॅलगरीला मोठे दीर राहत होते. ते त्या रात्री फोनच्या पडद्यावर आले.

"इथं नदी आहे हं," ते म्हणाले. "तुझा कंपास नदीत सोडू. बदकं रस्ता चुकतात फार."

"दादा, बदकांची सही चालत नाही पावतीवर," ती म्हणाली, आणि सगळे हसले.

तिनं हॅलिफॅक्समधल्या एका कंपास दुरुस्तीच्या दुकानाला पत्र पाठवलं होतं. दुसऱ्या रविवारपर्यंत दोन ओळींचं उत्तर आलं. आमचा माणूस पुढच्या वर्षी निवृत्त होतोय. आलात की येऊन भेटा. तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. "वा!" नवरा म्हणाला आणि मुलीला नोकरीपुढे हॅलिफॅक्सला नऊ मार्क द्यायला सांगितलं.

"नऊ माझ्यापुरते," ती म्हणाली. "तुझ्या कामाला तिथं कंपन्या कमी आहेत. तुझ्यापुरते पाच. सरासरी सात लिही."

"आई, तू स्वतःच्याच टीमचे मार्क कापतेस!"

"खोटे मार्क घेऊन काय करायचंय?"

तीन रविवार हे चाललं. रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर ती घरभाड्याच्या जाहिराती वाचायची आणि आकडे दुरुस्त करायची. ओळखीच्या माणसांच्या ओळीत कॅलगरीला तिनं स्वतःहून दहा दिले. शाळांच्या ओळीत दोघांना सारखे. अठरा तारखेला बेरीज झाली तेव्हा हॅलिफॅक्स दोन मार्कांनी पुढे होतं. नवऱ्यानं तक्त्याकडे बराच वेळ पाहिलं.

"अजून एक रविवार बघू," तो म्हणाला.

मंगळवारी वर्कशॉपमध्ये मास्तरांनी तिला टेबलाशी बोलावलं.

मास्तर म्हणजे वर्कशॉपचे मालक. सत्तरीला आलेले. बंदरावर त्यांना माघारी 'अर्धा अंश' म्हणत, कारण अर्ध्या अंशाच्या चुकीसाठी त्यांनी एकदा भरलेलं मालवाहू जहाज दुसऱ्या दिवशी पुन्हा बाहेर काढायला लावलं होतं. तिला सगळं काम त्यांनीच शिकवलं होतं. गुडघे गेल्यापासून, म्हणजे पाच वर्षं, ते जहाजावर चढत नव्हते. दोराच्या शिडीवरून ती चढायची.

"तुमच्या कॅनडावाल्या सल्लागाराकडून आलंय," ते म्हणाले. "आपल्या लेटरहेडवर उतरवून सही करून पाठवा म्हणतात. तू वाचलंयस हे?"

तिनं वाचलं नव्हतं. उभ्या उभ्याच वाचलं. 'सदर बाई आमच्या वर्कशॉपमध्ये गेली बारा वर्षं कार्यालयीन लिपिक म्हणून काम करत आहेत. फोन घेणं, फायली ठेवणं, पत्रव्यवहार पाहणं ही त्यांची कामं आहेत.' वर संदर्भ म्हणून अर्जाचा क्रमांक होता, अर्ज दाखल केल्याची तारीख होती, आणि कुठं स्थायिक होणार ते लिहिलं होतं: कॅलगरी. तारीख मागच्या महिन्याची सव्वीस होती.

ती तारीख तिनं दोनदा वाचली. फ्रिजवर तक्ता लागला त्याच्याही आधीची होती.

"चुकून दुसऱ्या कुणाचं पाठवलं असेल," मास्तर म्हणाले.

"नाही. माझंच आहे."

"मग हे क्लार्क कोण?"

"उद्या सांगते," ती म्हणाली. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये एका लाइफबोटीचा कंपास उघडून ठेवला होता. तिनं त्यातला बुडबुडा काढला, द्रव भरला, झाकण बसवलं, आणि साडेपाचला घरी गेली.

मुलगी नाटकाच्या तालमीला गेली होती. सासूबाई पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. नवरा लॅपटॉपवर होता. तिनं पत्राची प्रत त्याच्यासमोर ठेवली.

त्यानं ती पाहिली आणि लॅपटॉप मिटला. "हे आधी माझ्याकडे यायला हवं होतं. सल्लागाराला सांगितलं होतं मी."

"सव्वीस तारखेला अर्ज गेला?"

"हो."

"कॅलगरीचा."

"अगं, दादा तिथं आहे. पहिले सहा महिने राहायला घर आहे. त्यानं माझ्यासाठी दोन ठिकाणी बोलून ठेवलंय. हॅलिफॅक्सला आपण कुणाच्या दारात उभं राहणार होतो?"

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर हो म्हणाली असतीस?"

"नाही."

"म्हणून."

सासूबाईंच्या हातातली चादर तशीच राहिली.

"मग तो तक्ता कशाला?" तिनं विचारलं.

"तुला वाटावं ना, आपण मिळून ठरवलं. मला वाटलं, दोन रविवारांत कॅलगरी आपोआप पुढे येईल. तू एवढं बारीक धरशील हे माझ्या डोक्यात आलं नाही."

कामाची सवय होती ती त्याची. दावा नाकारायचा की मंजूर करायचा हे तो पहिल्या वाचनात ठरवायचा आणि मग त्याला जुळतील असे कागद मागवत बसायचा. ऑफिसात त्याचं कौतुक व्हायचं. त्याच्या फायलीत कधी विसंगती सापडत नाही, असं वरचे साहेब म्हणायचे.

"आणि क्लार्क?"

"तुझा धंदा त्यांच्या यादीत आम्हाला पटकन सापडेना. सल्लागार म्हणाला, कंपासवाली बाई कॅलगरीला जाऊन काय करणार, असा प्रश्न कुणीतरी काढेल. प्रश्न आला की उशीर. मला पुढच्या महिन्यात चाळीस लागतात, वयाचे मार्क कमी होतात. म्हणून साधा शब्द घातला. क्लार्क सगळीकडे असतात."

"बदल तो."

"आता बदलायचा म्हणजे, आधी खोटं लिहिलं होतं असं आपणच सांगायचं. अर्जात एक आणि पत्रात दुसरं निघालं तर अर्ज बाद करतील. वर पाच वर्षं पुन्हा नाव काढायचं नाही. माझी नोकरी डिसेंबरला संपतेय. तू सांग मग, काय करू?"

तिनं सासूबाईंकडे पाहिलं. "आई, तुम्हाला माहीत होतं?"

सासूबाईंनी चादरीची घडी पुरी केली. "मला त्यानं सांगितलं होतं. मी म्हटलं, तिला सांग बाबा. पण तू त्या मार्कांत अशी रमली होतीस, की मलाही बोलवेना."

"दहा दिले मी कॅलगरीला," ती म्हणाली. "ओळखीच्या माणसांचे. कुणी सांगितलं नव्हतं."

नवरा तिच्या जवळ येऊन बसला. "एका शब्दासाठी चिमणीचं आयुष्य अडवणार आहेस का? कागद आहे गं तो. तू काय आहेस ते आम्हाला माहीत आहे ना."

त्याच वेळी मुलगी आली. दप्तर टाकता टाकता तिनं सांगितलं की नाटकातलं राणीचं काम तिनं सोडून दिलंय, दुसऱ्या मुलीला दिलंय. नाटक मार्चमध्ये आहे; तोपर्यंत आपण कॅनडात असू. "बाईंनी विचारलं कुठल्या गावात. मी म्हटलं, अजून ठरायचंय. हॅलिफॅक्स दोन मार्कांनी पुढे आहे."

नवऱ्यानं मुलीला हातपाय धुऊन यायला सांगितलं.

बुधवारी आणि गुरुवारी दोन जहाजं होती. दोन्हींवर ती गेली. शुक्रवारी सकाळी मास्तरांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसली.

"लिहा, मास्तर. क्लार्क."

"का?"

तिनं सगळं सांगितलं, तारखांसकट. स्वतःच्या बाजूनं काही घातलं नाही, नवऱ्याच्या बाजूचं काही गाळलं नाही. ऐकून झाल्यावर मास्तर उठले, कपाटातून जुन्या कार्डांच्या नकलांची वही काढली आणि तिच्यासमोर आपटली.

"चारशे अकरा," ते म्हणाले. "तुझ्या सहीची चारशे अकरा कार्डं आहेत. आत्ता या क्षणी ती कुठल्या कुठल्या समुद्रात कप्तानांच्या डोक्यावर टांगलेली आहेत. ती काय क्लार्कनं लिहिली?"

"कॅलगरीत ती कोण बघणार आहे?"

"मी बघितलीत ना!"

"मास्तर, मी अर्ज बाद करवला तर घरात मला कुणी शिव्या देणार नाही. सगळे नीट वागतील. तेच मला नको आहे. पोरगी रोज समोर बसून जेवणार. लिहा."

मास्तरांनी लेटरहेड काढलं. स्वतःच्या हातानं, शब्दन् शब्द, सल्लागाराच्या मसुद्याप्रमाणे उतरवलं. लिपिक या शब्दाशी पेन थांबलं नाही. सही केली, शिक्का मारला, शाई वाळेपर्यंत हात बाजूला धरून बसले. मग कागद तिच्याकडे सरकवला.

"मागच्या बारा वर्षांचं मी खोटं लिहिलं," ते म्हणाले. "पुढचं तरी माझ्या नावानं खोटं चालू नको. सोमवारपासून तू टेबलावर बसायचंस. फोन, फायली, पत्रं. जे लिहिलंय ते."

तिला आधी कळलंच नाही. "आणि जहाजं?"

"मी जाईन."

"मास्तर, त्यांचं उत्तर यायला सहा-आठ महिने लागतात."

"मग सहा-आठ महिने."

"तुमचे गुडघे—"

"गुडघे माझे आहेत."

"हातातलं काम तेवढं तरी करू द्या. इतके महिने नुसतं बसायचं मी?"

"चार ओळी तू मागितल्यास, मी दिल्या," मास्तर म्हणाले. "आता त्या दोघांनीही पाळायच्या." आवाज चढलेला नव्हता. तिच्या टेबलावरची सूर्याचा कोन मोजायची पेटी त्यांनी उचलली आणि आपल्या पिशवीत घातली.

सोमवारी ते होडीनं गेले. खिडकीतून धक्का दिसायचा. होडीत उतरताना होडीवाल्यानं त्यांना काखेत हात घालून धरलं, आणि त्यांनी तो हात झटकला. ती फायली लावत बसली. घरून नवऱ्याचा निरोप आला: पत्र मिळालं, सल्लागार खूश आहे, दादानंही आभार सांगितलेत.

दोनच्या सुमारास मास्तर परतले. चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी मोजणीचा कागद तिच्यापुढे ठेवला. "कार्डावर उतरवून दे. सही मी करतो."

ती आकडे उतरवू लागली आणि सहाव्या आकड्याशी थांबली. चूक अशी उडी मारत नाही. एका दिशेकडून दुसरीकडे जाताना ती सावकाश चढते आणि सावकाश उतरते. नैर्ऋत्येचा आकडा दोन अंशांनी तरी बाहेर होता.

"मास्तर, नैर्ऋत्य परत बघावी लागेल."

त्यांनी कागद ओढून घेतला, चष्मा कपाळावर चढवून डोळ्यांजवळ धरला. मग पिशवी उचलली.

"मी जाते," ती उठून म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम आहे. कार्डावर सही तुमचीच राहू द्या. कुणाला कळणार नाही."

"तुझ्या नवऱ्यानंही हेच म्हटलं असेल," मास्तर म्हणाले, आणि जिना उतरले. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

ती उभीच होती, तेवढ्यात फोन वाजला. पलीकडे एक कप्तान होता. आवाज तिच्या ओळखीचा होता. त्याचं जहाज तिनं तीनदा केलं होतं. वाऱ्यामुळे त्याला तिचा आवाज ओळखू आला नसावा.

"कंपासवाल्या बाई आहेत का? परवा निघायचंय आम्हाला."

"नाहीत," ती म्हणाली.

"मग कधी येतील?"

तिनं खुर्ची ओढली, बसली, रजिस्टर उघडलं आणि त्या दिवसाची तारीख टाकली.

"मास्तर येतील. जहाजाचं नाव सांगा."