पाणमांजरांसाठी घेतलेली दुर्बीण

मित्रांनो, उजव्या भिंगावर ओरखडा असलेली मी एक जुनी दुर्बीण आहे. कारखान्यात एका जाड चष्म्याच्या बाईने माझी भिंगं घासूनपुसून लख्ख केली, तेव्हा ती म्हणाली होती, "तुला जहाजाचा कप्तान मिळणार बघ!" मिळाला तो बस डेपोतला कारकून. गाड्यांची वेळापत्रकं आखणं हे त्याचं काम, म्हणून बायको त्याला लाडाने 'वेळापत्रक' म्हणायची.

ती घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. लग्न झालं त्या वर्षी ती त्याला म्हणाली, "मला एकदा खारफुटीचं जंगल दाखवा. तिथे पाणमांजरं असतात म्हणे, माणसासारखी तोंड धुतात." दुसऱ्याच दिवशी त्याने मला विकत आणलं.

झालं, सहलीची आखणी सुरू झाली. आमचा माणूस कामाला पक्का. त्याने भरती-ओहोटीचं पुस्तक आणून लाल पेन्सिलीने खुणा केल्या. थंडी हवी, रविवार हवा, सूर्योदय हवा आणि नेमकी त्याच वेळी ओहोटी हवी, कारण चिखल उघडा पडला की पाणमांजरं काठावर येतात. असा दिवस वर्षातून एखादाच यायचा. एका वर्षी रजा मिळाली नाही. एकदा त्याच्या आईचं ऑपरेशन निघालं. एका वर्षी तर सगळं जुळलं होतं, फक्त ओहोटी पाऊण तास उशिरा होती.

"अर्धवट बघण्यापेक्षा पुढच्या वर्षी नीट बघू," तो म्हणाला.

ती "बरं" म्हणाली आणि भरलेली पिशवी रिकामी करायला बसली. असं करता करता सव्वीस वर्षं गेली. मुलगी लहानाची मोठी झाली, लग्न होऊन दूर गेली.

माझे लाड झाले नाहीत असं नाही. रोज संध्याकाळी गॅलरीत सराव चालायचा. समोरच्या टाकीवरचं कबुतर नेहमी तिलाच आधी दिसायचं. "वेळापत्रक, तुमची गाडी लेट आहे!" म्हणून ती त्याला चिडवायची. पुढे सराव बंद पडला आणि मी कपाटात, जुन्या स्वेटरांखाली गेले. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेल्या हिवाळ्यात मात्र चारही गोष्टी जुळल्या. त्याने मला बाहेर काढलं, पुसलं आणि तिच्या हातात दिलं. तिने मला डोळ्यांना लावलं. तिने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, पण तिची नजर कुठेच ठरेना. त्या डोळ्यांशी माझी इतक्या वर्षांची ओळख, मला थोडंच फसवता येणार होतं!

"दिसतंय का गं?" त्याने विचारलं.

"अगदी स्वच्छ," ती म्हणाली.

तो डेपोत गेल्यावर तिने मुलीला फोन लावला. "डॉक्टर म्हणाले, डोळ्यांची नस सुकत चाललीय. आता नुसत्या सावल्या दिसतात गं. घरात काय, सवयीने वावरते. नाही, त्यांना नाही सांगितलं. सांगितलं तर सहल मोडतील आणि जन्मभर स्वतःला खात बसतील. एकदा जाऊन येऊ दे आम्हाला." शिलाई मशीन तिने 'कंटाळा आला' म्हणून विकून टाकलं होतं, आणि आमच्या शहाण्याने ते खरं मानलं होतं.

रविवारी पहाटे नाव निघाली. खारं पाणी उडेल म्हणून त्याने माझ्या भिंगांवर झाकणं बसवली होती. मला वल्ह्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"अगं, आली! काठावर बघ, आई आणि तीन पिल्लं!" तो कुजबुजला, आणि घाईघाईत त्याने मला तशीच, झाकणांसकट, तिच्या हातात दिलं.

तिने मला डोळ्यांना लावलं. "अगं बाई, किती गोड! तोंड धुतायत बघा!"

त्याचा हात माझ्या झाकणापर्यंत आला आणि तिथेच थांबला. मग तो तिच्या खांद्यावर गेला.

"धाकटं पिल्लू घसरलं चिखलात," तो म्हणाला. "आई त्याला मानेला धरून वर ओढतेय."

त्याला कळलंय, हे तिच्या लक्षात आलं. तिने मला खाली घेतलं नाही. माझ्या कडा तेवढ्या ओल्या झाल्या.

"कधी कळलं?"

"आत्ता."

"मग थांबलात कशाला? सांगा ना पुढे."

तो सांगत राहिला, बराच वेळ सांगत राहिला. शेवटी नावाडी हळूच म्हणाला, "साहेब, पाणमांजरं केव्हाच गेली."

"थांबा जरा," तो म्हणाला. "तिचं बघून व्हायचंय अजून."

मित्रांनो, आता मी पुन्हा कपाटात आहे. तो मला हात लावत नाही. माझी काळजी घ्या असं मी तुम्हाला सांगणार नाही, माझं काय, एका फडक्याने भागतं. पण कुणाला काही दाखवायचं कबूल केलं असेल, तर पाणी थोडं चढलेलं असलं तरी निघा. तिला अर्धवटसुद्धा चाललं असतं. तेव्हा तिला दिसत होतं.