हवेची चावी

ऑक्सिजनच्या सिलिंडरची चावी डॉक्टरांनी अगदी बारीक ठेवली होती आणि मालनला तेच खुपत होतं.

तिचा नवरा भिवा गिरणीत कापूस पिंजायच्या कार्डिंग खात्यात होता. उभा जन्म कापसाच्या धुळीत गेला आणि छातीचं खोकं झालं. आता परळच्या इस्पितळात निळ्या ओठांनी, दोन्ही हात गादीवर रोवून तो श्वास ओढत बसला होता. बघणाराचा जीव कासावीस व्हावा, अशी धाप.

"बाई, चावीला हात लावू नका," डॉक्टर म्हणाले. जागरणानं डोळे तांबारलेले, पण समजावत होते बिचारे. "मेंदूभोवती पाणी असतं. छातीत वाईट हवा साठली की ते आंबट होतं आणि मेंदू श्वास मागतो. यांची वाईट हवा वर्षानुवर्षं साठलेली. शरीरानं त्या पाण्यात सोड्यासारखा क्षार सोडून आंबटपणा मारून टाकलाय. आता मेंदू त्यापायी फारसा ओरडत नाही. चांगल्या हवेची भूक आहे, म्हणूनच श्वास चालतो. ती भूक पुरती भागली, तर तो श्वास मागायचाच विसरेल."

मालननं मान हलवली, पण पटलं काडीचं नाही. भुकेल्याला पोटभर वाढू नये, हे कुठलं शास्त्र? लालबागला गोळी चालली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चातली जखमी पोरं वॉर्डात जमिनीवरसुद्धा निजवली होती. तिच्या मनानं घेतलं, हवा त्यांच्यासाठी राखून ठेवताहेत. पोरांबद्दल तिला माया होती. पण आपलं माणूस ते आपलं माणूस.

नवा जखमी आला, तसे डॉक्टर तिकडे धावले. भिवानं तिचा पदर धरला.

"मालू... हवा दी गो."

तिनं चावी पुरती फिरवली.

आणि काय सांगावं! ओठांचा निळेपणा गेला, गालांवर रंग आला, धाप बसली. कित्येक महिने उशांना टेकून रात्री काढणारा माणूस चक्क आडवा झाला आणि झोपला. मालनला हसू फुटलं. डॉक्टरांचं शास्त्र किती खोटं, असं मनाशी म्हणत तिनं त्याचा सदरा झाडून घडी घातली. घडी उशाशी ठेवताना तिची नजर त्याच्या छातीवर गेली. छाती हलत नव्हती. मग जराशी हलली आणि पुन्हा थांबली.

तिची किंकाळी ऐकून डॉक्टर आले. त्यांनी चावी पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि मुकाट्यानं चावी बारीक केली. शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

"हाक मारा यांना," छाती दाबत ते म्हणाले. "मेंदू आपणहून श्वास मागत नाही, कानांतून तरी मागू दे."

"अवो! अवो, श्वास घेवा!"

वॉर्डातले सगळे पुरुष वळले. भिवा तेवढा हलला नाही.

"नाव घ्या, नाव!"

नाव? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी रेशनच्या दुकानातसुद्धा ती ते शेजारच्या शेवंतीकडून वदवून घ्यायची. नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतं, हे आईनं मनावर कोरलेलं. हातानं एकदा मारलं, आता तोंडानंही मारायचं?

छाती पुन्हा थांबली.

"भिवा!" ती फुटक्या आवाजात ओरडली. "भिवा, श्वास घेवा!"

छाती वर आली.

ती गप्प झाली की छाती गप्प. म्हणून ती गप्प झालीच नाही. ऊन भिंतीवरून उतरलं, घसा फाटला, तरी नवऱ्याचं नाव चारचौघांत ओरडत राहिली.

दिवेलागणीला भिवानं डोळे उघडले. ओठ पुन्हा निळे होते. ती ओळखीची धाप लागली, तेव्हा तिला हुंदका आवरेना. चाचपडत त्यानं तिचा पदर धरला.

"मालू... हवा दी गो."

चावी हाताशीच होती. मालननं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"नाय," ती म्हणाली. "श्वास घेवा, भिवा."