पाहुण्यांसाठी काढलेला घाणा

आमच्या काकांनी आयुष्यभर तुरटी जिभेवर तपासली. दाढीनंतर फिरवतात ती नव्हे. पाणी साफ करायला आणि कागद बनवायला लागते ती, ढेपांनी विकली जाणारी. बॉक्साइटच्या दगडाची पूड ॲसिडमध्ये उकळायची, रस साच्यांत ओतायचा, ढेप गार झाली की कपचा जिभेला लावायचा, थुंकायचं आणि म्हणायचं, "भरा गाडी." तीस वर्षांत एकही गाडी परत आली नाही, हे ते अजूनही सांगतात. कुणी विचारत नाही, तरी सांगतात.

मग नोंदणीची सक्ती आली. औद्योगिक रसायन बनवणारा असो की बाहेरून आणणारा, गुणवत्तेची नोंदणी हवीच. मुदत वर्षाची होती. शेवटच्या महिन्याच्या अखेरपर्यंत नोंदणी झाली नाही, तर एक ढेपही विकता येणार नव्हती, आणि कारखान्यातल्या नऊ माणसांना घरी बसावं लागलं असतं. नोंदणीसाठी स्वतःची प्रयोगशाळा लागते, प्रत्येक बॅचची नोंद लागते, आणि तपासनीस येऊन नमुना घेऊन जातात. मी काकांची पुतणी, रसायनशास्त्र शिकलेली. पहारेकऱ्याच्या खोलीत मी तराजू, काचेची भांडी आणि एक जाडजूड नोंदवही मांडली आणि वर्षभर प्रत्येक घाणा तपासला. काका दारातून डोकावायचे आणि म्हणायचे, "झाली का तुझी भातुकली?" मी रागाने लाल व्हायचे. उत्तर मात्र कधी दिलं नाही, कारण घरातल्या मोठ्यांना उलट बोलायचं नाही, हे माझ्या हाडीमाशी खिळलंय. मूर्खपणाच आहे, पण आहे.

मुदतीच्या त्या शेवटच्या महिन्यात एक दिवस तपासनीस बाई सकाळी नऊला आल्या. बारीक अंगाच्या, मोजकं बोलणाऱ्या. काका त्यांना थेट शेडच्या तोंडाशी घेऊन गेले. तिथे ढेपांची एक रास होती, पांढरीशुभ्र. आमची तुरटी कधीच इतकी पांढरी नसते. दगडात थोडं लोखंड असतंच, त्याची पिवळसर झाक येते, आणि ती नियमात बसते. ही रास मी कधी पाहिलीच नव्हती. काकांनी सुट्टीच्या दिवशी गुपचूप हा घाणा काढला होता.

बाईंनी त्यातलीच एक ढेप फोडली, तुकडे पिशवीत भरले, सील लावलं. काकांचा चेहरा खुलला. मग बाई मला म्हणाल्या, "यातलाच एक तुकडा तुम्ही माझ्यासमोर तपासा. मोकळं ॲसिड किती आहे, ते सांगा."

तुकडा कुटला, पाण्यात विरघळवला, ॲसिड मारणाऱ्या अल्कलीचे थेंब नळीतून एकेक करून सोडायला लागले. रंग बदलायची वेळ आली, गेली, तरी बदलेना. नेहमीपेक्षा दुप्पट थेंब गेले तेव्हा कुठे पाणी गुलाबी झालं. बाई तेवढ्यात खाली मान घालून कागद चाळत होत्या. मी थोडा कमी आकडा सांगितला असता, तर तेव्हा तरी कुणाला कळलं नसतं. काका दारात उभे होते, हात जोडल्यासारखे छातीशी धरून. नऊ माणसांची घरं माझ्या डोळ्यांपुढून गेली. खोटं नाही सांगत, जीभ चळणारच होती.

"मर्यादेच्या बाहेर आहे," मी म्हणाले, आणि खरा आकडा सांगितला.

बाईंनी मान वर केली. काकांचा चेहरा खाडकन उतरला. "असं कसं? अगं, मी दगड एकेक निवडून घेतला! दगडाचा कण राहू नये म्हणून ॲसिडसुद्धा हात सैल सोडून घातलं!"

"म्हणूनच जास्त झालंय, काका. चाखली नव्हती का?"

"पाहुण्यांसाठी काढलेला माल आपण आधी उष्टा करायचा?"

मला हसू आलं आणि रडूही. तीस वर्षांत पहिल्यांदाच माणसाने जीभ आवरली, आणि नेमकी तेव्हाच.

काका बाईंकडे वळले. "बाई, चुकलं माझं. हा आमचा रोजचा माल नाही. तुम्ही येणार म्हणून मुद्दाम केला. रोजचा मागे पडलाय, तो जरा पिवळट आहे. दाखवायची लाज वाटली."

बाईंनी माझी नोंदवही ओढून घेतली आणि शेवटच्या पानापर्यंत पाहिली. या घाण्याला क्रमांकच नव्हता. "ज्याची नोंद नाही, तो माझ्यासाठी मालच नाही," त्या म्हणाल्या. सील फोडून त्यांनी पिशवी रिकामी केली. "मागच्या तीन बॅच दाखवा, नमुने त्यांचेच नेईन. आणि हे सगळं मी अहवालात लिहिणार आहे, बरं का."

"लिहा," काका म्हणाले. आवाज बारीक झाला होता.

त्यानंतरचे सतरा दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. निकाल महिना संपायला चार दिवस असताना आला. पिवळट तुरटी तिन्ही बॅचमध्ये, सगळ्या कसोट्यांना उतरली होती. नोंदणी मंजूर झाली होती, फक्त एक रकाना भरून पाठवायचा होता: गुणवत्तेला जबाबदार व्यक्ती. मी काकांचं नाव लिहायला पेन उचललं. मालक ते, कारखाना त्यांचा.

त्यांनी पेन माझ्या हातातून काढून घेतलं, चष्मा लावला आणि सावकाश, एकेक अक्षर गिरवत माझं नाव लिहिलं.

"काका, अहो, मी कशी?"

"मग कोण? परक्या बाईसमोर, माझ्या तोंडावर, मला नापास करणारी दुसरी कोण आहे इथे?"