जिभेखालची गोळी

संताप कुणावर काढावा, हेच सावित्रीला कळेनासं झालं होतं. सहा वर्षांच्या शांताची नाडी जन्मापासूनच मंद. मिनिटाला जेमतेम चाळीस ठोके. त्याहून फार खाली गेली की पोर उभ्या उभ्या कोसळायची. साल १९५५. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "परदेशात हृदय चालतं ठेवणारं यंत्र निघालंय. पण ते विजेवर चालतं, वीज गेली की संपलं." निर्मळ गावातल्या त्यांच्या घरात वीज होतीच कुठे जायला! शेवटी त्यांनी गोळ्या दिल्या. दिवसातून तीनदा, जिभेखाली ठेवून विरघळवायच्या.

सावित्री दिवसभर फुलांच्या वाडीत राबायची, म्हणून गोळीचं काम सासूबाईंकडे, आनंदीबाईंकडे होतं. घरी आली की ती नवऱ्याचं घड्याळ समोर ठेवून नाडी मोजायची. एकोणचाळीस. चाळीस. अडतीस. डॉक्टरांनी गोळी वाढवली, तरी ठोका वाढेना. "आठवडाभर बघू, नाहीतर बंद करू," ते परवा म्हणाले, तेव्हा तिला रडूही आलं नाही. नुसती चीड आली.

आज गजऱ्यांचा दोरा संपला म्हणून ती फुलं टाकून भरदुपारी घरी आली. ओटीवर आनंदीबाई नातीला सुकेळी भरवत होत्या. वाळलेल्या केळ्याच्या त्या तुकड्यात पांढरी गोळी खुपसलेली होती.

"हे काय, आई?"

"कडू लागते गं तिला. अशी दिली की गुपचूप गिळते."

"रोज?"

"रोजच. औषध पोटात गेलं म्हणजे झालं ना?"

"नाही झालं! गिळली की पोटात वाया जाते ती, जिभेखालूनच रक्तात जाते. महिनाभर मी डॉक्टरांना बोल लावला, देवाला लावला, आणि तुम्ही..." आपणही कधी विचारलं नाही, हे तिला आत डाचत होतं, म्हणून आवाज आणखीच चढला.

तिने गोळी उपसून पुसली, शांताच्या जिभेखाली सारली आणि जबडा घट्ट धरला. पोरीने ओरबाडलं, लाथा झाडल्या. सावित्रीने हात काढला नाही. गोळी विरली, तशी तिने नाडी धरली. अठ्ठेचाळीस. थोड्या वेळाने एक्कावन्न.

शांता हात हिसडून आजीला बिलगली. "तू वाईट आहेस!"

आनंदीबाईंनी पदराने डोळे टिपले. "संध्याकाळी मी धरते तिला. माझ्यावर चिडू दे."

"नको," सावित्री म्हणाली. "मीच धरेन. रडायला तिला तुमची मांडी राहू दे."