नसरुद्दीनचा अरब खापरपणजा

रियाधला येऊन अकरा वर्षं झाल्यावर, दोन हजार पाच साली, नसरुद्दीनला शोध लागला की आपण अरब आहोत. तोवर तो रत्नागिरीकडचा, तिथल्या ओलाया भागातल्या एका बँकेत कॉम्प्युटर सांभाळणारा साधा माणूस होता. मग कुणीतरी म्हणालं, आपण कोकणी मुसलमान अरब व्यापाऱ्यांचे वंशज, आणि हा बाबा हुरळला. अरबांसारखा पांढरा तोब, म्हणजे पायघोळ झगा, शिवला. सौदी साहेबाला जाऊन सांगितलं, "मीही अरबच." साहेबाने विचारलं, "कुठला कबिला?" हा म्हणाला, "रत्नागिरी." साहेब आठवडाभर हसत होता.

त्याच्या बायकोने, बिलकिसने, हेही खपवून घेतलं असतं. चाळिशी उलटली की नवऱ्यांना काही ना काही होतंच. पण मुलीला, इसमतला, रियाधमधल्याच हुसेनमियाँच्या मुलाचं स्थळ आलं आणि या अरबाने नाक मुरडलं. मुलगा इंजिनियर, इसमतला मनापासून आवडलेला. लग्न करीन तर याच्याशीच, असं तिने आईला सांगून टाकलं होतं. पण हुसेनमियाँ एसी मेकॅनिक, आणि दालदी, म्हणजे कोकणातले मासे मारणारे. "मासळीवाल्यांच्या घरात अरबाची पोरगी?" असं नसरुद्दीन म्हणायचा, आणि कतीफच्या बंदरावरून आलेली सुरमई बोटं चाटून खायचा.

नकार पुराव्यानिशी द्यायचा म्हणून त्याने गावी भावाला पिटाळलं. भावाने तहसील कचेरीत आडनावावरून शोधून शंभर वर्षांपूर्वीच्या मृत्यूच्या नोंदीची नक्कल धाडली: खापरपणजाची. शुक्रवारी हुसेनमियाँना जेवायला बोलावलं होतं. त्यांना वंश दाखवण्यासाठी भिंतीवर सोनेरी फ्रेमसुद्धा टांगून झाली, रिकामीच. बाजारात तुरी, दुसरं काय!

नक्कल गुरुवारी आली. अडचण एवढीच की नसरुद्दीन उर्दू शाळेतला; जुनं मराठी हस्ताक्षर वाचणारी घरात एकटी बिलकिस.

"वाच. आनि उर्दूत लिहून दे, फ्रेमात लावतो."

बिलकिसने आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. "जात, दालदी. धंदा, मासे मारणे. मरणाचे कारण, बुडून."

"नीट वाच."

"नीटच वाचलं."

"लिहिनाऱ्याची चूक असंल. फाड तो कागद!"

"फाडनार नाय. उद्या हुसेनमियाँना हो म्हना. नायतर सगळ्यांसमोर मीच वाचीन."

इतकी चीड तिला नवऱ्याची कधी आली नव्हती. घरातला माणूस दर्यात बुडून मेला, आणि याला त्याची लाज वाटत होती.

शुक्रवारी नसरुद्दीनने होकार दिला. पण सुंभ जळला तरी पीळ जातो थोडाच! सोफ्यावर रेलून, तोबच्या बाह्या सावरत तो म्हणाला, "आमी पडलो अरब खानदान. पन आमच्या मनात उच्च-नीच नाय. तुमाला पदरात घेतलं."

हुसेनमियाँ मान खाली घालून ऐकत होते. होकार मिळाला होता, बिलकिसने गप्प बसायला हवं होतं; नवरा बिथरला तर इसमतचं लग्न मोडलं असतं. पण त्या भल्या माणसाची वाकलेली मान तिला बघवेना. तिने कागद त्यांच्या हातात ठेवला.

"तुमाला मराठी येतं. वाचा."

हुसेनमियाँनी घडीसुद्धा उघडली नाही. "ठेवा, भाभी. आमाला ठावं हाय. ह्यांचा खापरपनजा आनि माजा एकाच होडीवर होते. होडी उलटली. ह्यांच्यानं माज्याला फळीवर चढवलं नि सोता गेला. आमच्या गावच्या घरात दरसाल त्याच्या नावानं फातिहा पढतात, दुवा मागतात."

"मग इतके दिवस बोलला का नाय?" बिलकिसने विचारलं.

"पोरीच्या बापाला कोन खाली बघायला लावील?"

नसरुद्दीन सोफ्यावर सरळ होऊन बसला. काल त्याने त्या बुडालेल्या माणसाची जात नाकारली होती, धंदा फाडायला सांगितला होता. त्याने हळूच विचारलं, "नाव काय होतं त्याचं?"

बिलकिसने कागद उलगडायला घेतला, तेवढ्यात हुसेनमियाँ म्हणाले, "दाऊद."