पापुद्रा काढल्यानंतरची आखणी

पहिलं भांडण खिडकीच्या गजांवरून झालं. मागच्या वर्षीचा जून. आमच्या ह्यांनी ग्रिलवाल्याला फोन लावून झापलं, की तू बसवलेले गज मधेच वाकलेत, आत्ताच्या आत्ता येऊन बघ. तो बिचारा लोखंडी पट्टी घेऊन आला, एकेका गजाला लावून दाखवली. सुताचाही फरक नव्हता. तर हे म्हणतात, तुझी पट्टीच वाकडी आहे. मी मध्ये पडले नसते तर तो माणूस चहा न घेताच गेला असता.

मग ट्यूबलाइट वाकडी. मग दाराची चौकट. दोनदा चष्मा बदलून झाला, दोन्ही वेळा दुकानदाराचीच अक्कल काढली. मी म्हटलं, सगळी दुनिया वाकडी आणि तुम्ही एकटे सरळ, असं कधी असतं का हो? त्यावर दोन दिवस अबोला.

माझा जीव घाबरायचं कारण निराळं होतं. आमचे हे आखणीकार. लालबागच्या गणपतीच्या कारखान्यात मूर्तीला रंग द्यायला दहा जण असतात, पण डोळे काढायला एकच माणूस बसतो. त्या डोळे काढण्यालाच आखणी म्हणतात. आताचा मालक धनेश, त्याच्या वडिलांच्या वेळेपासून ते काम ह्यांच्याकडे. हे ब्रश घेऊन बसले की पंखा बंद, रेडिओ बंद, कुणी शिंकायचंसुद्धा नाही. आणि तिथला एक नियम आहे, थोरल्या मालकांनी घातलेला. एकदा आखणी झाली की त्या डोळ्यांना दुसऱ्या कुणाचा ब्रश लागायचा नाही. चुकलं तर ज्याचं त्याने सुधारायचं.

त्यात ह्यांचा डावा डोळा लहानपणापासून नावालाच. चाळीच्या पटांगणात विटी लागली होती. जे काही केलं ते सगळं उजव्या डोळ्यावर. आता तोच दगा द्यायला लागलेला.

आमची अपूर्वा ठाण्याच्या कंपनीत आहे. तिने रजा काढली आणि बापाला जवळजवळ ओढतच परळच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान, पण बोलायला शांत. म्हणाल्या, डोळ्याच्या आत मागे जो पडदा असतो ना, त्याच्यावर दुसरा एक पातळ पापुद्रा धरलाय. दुधावर साय धरते तसा. तो आवळला की खालचा पडदा सुरकुततो, म्हणून सरळ रेघ तुम्हाला वाकडी दिसते. ऑपरेशन करून पापुद्रा सोलून काढता येतो.

"मग रेघ सरळ होईल?" ह्यांनी विचारलं.

"अक्षरं बहुतेक चांगली दिसायला लागतील. वाकडेपणा कमी होईल. पूर्ण जाईलच असं मी सांगणार नाही, काहींचा थोडा राहतो. पण उशीर कराल तेवढं कठीण. आणि तुम्हाला चालता डोळा एकच, तेव्हा धोकाही नीट समजून घ्या."

बाई एक शब्द खोटं बोलल्या नाहीत, हे मी आजही सांगेन. पण आमच्या ह्यांनी त्यातलं आपल्या सोयीचं तेवढं ऐकलं. जिना उतरताना म्हणतात, "होतंय की बरं. गणपती झाल्यावर करून टाकू."

गणपती झाल्यावर. आमच्या कोकणातल्या माणसांच्या तोंडी हे वाक्य बसलेलंच आहे. मुलीचं लग्न, पोटातला हर्निया, भावाभावांतली जमीन, सगळं गणपती झाल्यावर. अपूर्वा रडली, ओरडली. मी तर चार दिवस भाजीत मीठ घातलं नाही मुद्दाम. काही उपयोग झाला नाही. ते वर्ष ह्यांनी हाताच्या सवयीवर काढलं. गणपती झाले तर धनेशकडे नवरात्राच्या देव्या आल्या, देव्यांनाही डोळे लागतातच. देव्या गेल्या तर दिवाळी आली. नोव्हेंबर संपता संपता हे एकदाचे ऑपरेशनच्या टेबलावर गेले. तोवर खिडकीचे गजच काय, माझं तोंडसुद्धा एका बाजूला ओढल्यासारखं दिसायला लागलं होतं त्यांना. ते त्यांनी मला सांगितलं नाही, डॉक्टरीणबाईंना सांगितलं.

ऑपरेशन चांगलं झालं. मोतीबिंदूही त्याच वेळी काढला. महिनाभर मी थेंब घालायचे आणि हे कुरकुरायचे. मग हळूहळू पेपरचे मथळे वाचायला लागले, मग आतला मजकूर. समोरच्या बसचा नंबर वाचून दाखवला तेव्हा मला रस्त्यातच रडू आलं. तपासणीला गेलो तर तक्त्यावरच्या खालच्या ओळी घडाघडा वाचल्या. डॉक्टरीणबाईंनी मशीनवरचं चित्र दाखवलं, म्हणाल्या, पापुद्रा पूर्ण निघालाय, निकाल छान आहे. नंतर चौकटींचा एक कागद समोर धरला.

"रेघा कशा दिसतात?"

"बऱ्या आहेत," हे म्हणाले.

"सरळ?"

"बऱ्यापैकी."

अपूर्वाने आखणीचं सांगितलं. बाई म्हणाल्या, करून बघा, पण नाहीच जमलं तर मनाला लावून घेऊ नका. ह्यांनी हसून विचारलं, मनाला नाही तर काय भिंतीला लावून घेऊ? बाईही हसल्या. मी नाही हसले. 'बऱ्यापैकी' या शब्दावर माझं मन अडकलं होतं, पण घरी आल्यावर मी विचारलं नाही. मला खरं ऐकायचंच नव्हतं.

यंदाचा सीझन आला. पहिल्या दिवशी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हे कारखान्यात गेले. मी दिवसभर गॅसवर काय ठेवलं आणि काय करपवलं मला आठवत नाही. संध्याकाळी आले ते दारातूनच म्हणाले, "जमलं गो राधा." एरवी हे माझ्याशी मुंबईचं बोलतात, मन भरलं की मालवणी येते. त्या दिवशी बांगड्याचं तिखलं तीनदा वाढून घेतलं. वर्षभर ज्या माणसाने ताटात नुसती बोटं फिरवली होती, तो पोटभर जेवला. देव पावला म्हणायचं, दुसरं काय.

आठवड्याने भर दुपारी धनेश आला. हे कारखान्यातच होते. बस म्हटलं तर बसला नाही, दारातच उभा. खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

"वहिनी, हे बघा."

गणपतीचा चेहरा होता. मी काही कलाकार नाही, पण इतकी वर्षं ह्यांचे गणपती बघितलेत. वरच्या पापणीची रेघ मधेच दबली होती. एक बुबुळ खाली घसरलेलं. देव एकीकडे बघतोय आणि त्याचा एक डोळा भलतीकडे, असं वाटत होतं. 

"एकच असेल असा," मी म्हटलं.

"सगळे असेच आहेत. दादा घरी गेले की मी स्वप्नीलकडून परत करून घेतो आणि लगेच तोंडावर रुमाल टाकतो, म्हणजे दादांना दिसत नाहीत." स्वप्नील म्हणजे ह्यांच्याच हाताखाली शिकलेला मुलगा. "दादांना सांगू नका, एवढंच सांगायला आलो."

मला संताप आला. खरं तर कुणाचा, ते मलाही कळत नव्हतं. "आणि तुझ्या वडिलांचा नियम? दुसऱ्याचा ब्रश लागायचा नाही म्हणून?"

"नियम पाळायचा तर उद्यापासून दादांना घरी बसवायला लागेल," तो म्हणाला. "तुम्ही सांगा वहिनी, बसवू?"

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हळूच दार लोटून घेतलं. तो समजायचं ते समजला.

मग सगळा सीझन तसाच गेला. हे रोज रंगाचे डाग घेऊन खुशीत यायचे, आणि मी क्षुल्लक गोष्टींवरून खेकसायची. टॉवेल इथे का टाकला, चहा का गार केला. एकदा म्हणाले, "तुला काय झालंय? माझं बरं चाललेलं बघवत नाही काय?" मी मोरीत जाऊन भांडी घासत बसले. सांगून टाकावं असं रोज वाटायचं, आणि रोज त्यांना जेवताना बघितलं की तोंड मिटायचं.

आमच्या चाळीचा गणपती धनेशकडचाच. त्याची आखणी दरवर्षी हेच करतात. मूर्ती तोंडावर रुमाल टाकून आणतात आणि प्रतिष्ठापनेच्या सकाळीच रुमाल काढतात. त्या सकाळी हे नवा झब्बा घालून अगदी पुढे उभे राहिले. रुमाल निघाला. सगळ्यांनी हात जोडले, आरती सुरू झाली. मी गणपतीकडे बघतच नव्हते, ह्यांच्याकडे बघत होते.

हे टाळ्या वाजवायचे थांबले. मान एकदा इकडे, एकदा तिकडे केली. आणखी एक पाऊल पुढे गेले. मग वळले, माझं कोपर धरलं आणि मला मंडपाच्या बाहेर जिन्यापाशी घेऊन आले.

"हे माझं काम नाय," म्हणाले.

"काहीतरीच काय बोलता? देवासमोर असं बोलू नये."

"माझं असतं तर मला सरळ दिसलं असतं." आवाज चढलेला नव्हता, ग्रिलवाल्यावर ओरडणारा तो माणूसच नव्हता हा. "हे डोळे माका वाकडे दिसतत, राधा. म्हणजे सरळच असतले."

 आत आरती चालू, टाळ वाजत होते.

"बाकीचे?" त्यांनी विचारलं. "बाकीच्या मूर्ती?"

एवढीच एक, असं सांगता आलं असतं मला. जिभेवर आलं होतं.

"सगळ्या," मी म्हटलं.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. हे नुसते जिन्याच्या कठड्याला धरून उभे राहिले.  मग म्हणाले, "स्वप्नीलने केले?"

मी मानेनेच हो म्हटलं.

"कसे झालेत?"

"तुम्ही बघितलेत की."

"मी बघून काय उपयोग? तू आत जाऊन बघ नीट. आणि मला सांग."

मी गर्दीतून आत गेले. पहिल्यांदाच त्या दिवशी गणपतीकडे तोंड वर करून बघितलं. परत बाहेर येऊन सांगायला लागले. पापणीची रेघ एका दमात आलीय, म्हटलं, कुठे अडखळली नाही. दोन्ही बुबुळं एका ओळीत आहेत. कडेला थोडा लालसर रंग दिलाय, तुम्ही देता तसा. कुठेही उभं राहिलं तरी आपल्याकडेच बघतोय असं वाटतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी मला गणपती कसा झालाय हे कधी विचारलं नव्हतं, विचारायची गरजच पडली नव्हती. मी सांगत होते आणि हे कठड्याला धरून, डोळे मिटून ऐकत होते. आत आरती संपली, लोक प्रसादाला रांगेत लागले, तरी त्यांनी ते उघडले नाहीत.